प्रकाश पडताच रचना बदलणारा ‘साबण’. नेमकं काय घडतं?

साबणाच्या डबीत पाणी साचलं की साबणाचा खालचा भाग बुळबुळीत होतो. हा लगदा ना धड घट्ट, ना धड पातळ. पण त्याच्या आत साबणाचे रेणू शिस्तीत रचलेले असू शकतात. अशा अवस्थेला लिक्विड क्रिस्टल म्हणतात. ही शिस्त नुसत्या प्रकाशाने बदलता आली तर?

रेणू आपोआप कसे रचले जातात?

साबणासारख्या पदार्थांना सरफॅक्टंट म्हणतात. त्यांच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं, तर शेपटी पाणी टाळते. त्यामुळे पाण्यात पुरेसे रेणू असले की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून एकत्र येतात. हे गोळे म्हणजे मायसेल. रेणूंचं प्रमाण वाढवत नेलं की लांब कांड्या तयार होऊन षटकोनी नक्षीत एकमेकींना खेटून बसतात. त्याहून दाट द्रावणात थरावर थर रचले जातात. यातली कोणती रचना होणार, हे रेणूच्या आकारावरही ठरतं.

प्रकाश काय करतो?

प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या सरफॅक्टंटच्या शेपटीत बहुतेकदा अझोबेंझिन जोडलेलं असतं. एरवी ते सरळ असतं. सुमारे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की ते कोपरासारखं वाकतं. निळ्या प्रकाशाने किंवा उष्णतेने पुन्हा सरळ होतं. सरळ शेपट्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या नीट बसतात, वाकड्या तशा बसत नाहीत. मग आधीची रचना विस्कटते किंवा तिच्या जागी दुसरीच तयार होते.

विशेष म्हणजे, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच नाव आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जी. एस. हार्टली यांनी १९३६ मध्ये गोलाकार मायसेलची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये प्रकाशामुळे तयार होणारं वाकडं अझोबेंझिन शोधलं.

उपयोग काय, अडचण कुठे?

अशा रचनेत औषध साठवायचं आणि हव्या जागी, हव्या वेळी प्रकाश टाकून ते सोडायचं, ही मोठी आशा आहे. त्यासाठी वेगळं रसायन घालावं लागत नाही आणि बदल उलटवताही येतो. पण अतिनील प्रकाश त्वचेत खोलवर जात नाही, शिवाय पेशींना इजा करतो. त्यात अझोबेंझिन स्वतःच हा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे दाट द्रावणाचा वरचा थर लवकर बदलतो, आतल्या भागापर्यंत प्रकाश सहज पोहोचत नाही.

लाल प्रकाश शरीरात तुलनेनं खोल जातो. म्हणूनच त्या प्रकाशाने वाकणारे रेणू घडवण्यावर शास्त्रज्ञांचा भर आहे.