औषध दोघांनी घ्यायचं

इंदूरमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना एक वाक्य मी सारखं ऐकते, "मॅडम, उष्णता झालीय." घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या मुली माझ्यासमोर मात्र 'सफेद पानी' म्हणतात, त्यांच्या आज्या 'अंगावरून जातंय' म्हणायच्या. धण्याचं पाणी, सब्जा असं करून महिना-दोन महिने काढलेले असतात.

थोडा पांढरा स्राव प्रत्येकीला असतो आणि पाळीच्या चक्रानुसार तो कमी-जास्त होतो. त्याची चिंता नको. पण तो पिवळसर-हिरवट, फेसाळ झाला, घाण वास येऊ लागला, खाज सुटली, लघवीला जळजळ झाली, तर सब्ज्याने भागत नाही. अशा त्रासाचं एक कारण ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी असतो. आल्फ्रेड दोने या फ्रेंच डॉक्टरने 1836 मध्ये तो प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ताज्या स्लाइडवर तो शेपट्या हलवत पळताना दिसतो. स्लाइड पाहायला उशीर झाला की त्याची हालचाल थांबते आणि तो सुटून जातो. म्हणून रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तरी लक्षणं असतील तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

हा आजार शरीरसंबंधातून पसरतो. संडासाच्या सीटमुळे, एकत्र जेवल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने तो होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 15 कोटी 60 लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. म्हणजे तो काही 'तसल्या' लोकांचा आजार नाही.

खरी अडचण निदानानंतर सुरू होते. मी म्हणते, "मिस्टरांनाही गोळ्या घ्याव्या लागतील." उत्तर ठरलेलं असतं, "पण ह्यांना तर काहीच त्रास नाही!" पुरुषांमध्ये हा परजीवी मूत्रमार्गात राहतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. बायकोने एकटीने औषध घेतलं, बरी झाली आणि पुन्हा संबंध आला की लागण परत. मग "मॅडम, तुमच्या औषधाचा गुण येत नाही" अशी तक्रार येते. गुण येतो हो, पण घरातल्या निम्म्याच माणसांवर उपचार झालेला असतो.

काही जणी नवऱ्याला सांगतच नाहीत. त्यांना भीती असते ती "हे आलं कुठून?" या प्रश्नाची. नवीन लग्न झालेल्या मुलीला तर सासरी हा शब्दही उच्चारायचा नसतो. म्हणून मी दोघांना एकत्र बसवून सांगते. हा परजीवी कुठलीही लक्षणं न दाखवता महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही जास्त काळ शरीरात राहू शकतो. लागण कधी झाली आणि कोणाकडून झाली, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. त्या रिपोर्टवरून घरात खटला चालवू नका.

औषध नवं नाही, महागही नाही. जुलाबावर दिली जाते तीच मेट्रोनिडाझोल. बायकांना साधारणपणे सात दिवस दिवसातून दोनदा, पुरुषांना बहुधा एकदाच मोठा डोस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या डब्यात जातात. तसं करू नका, कोर्स पूर्ण करा. घरात उरलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण बुरशीच्या खाजेवर त्यांचा उपयोग नाही. दोघांचं औषध संपून त्रास थांबेपर्यंत संबंध टाळा. गरोदर असाल तर लपवू नका. या संसर्गात बाळ वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तेव्हाही उपचार करता येतात. एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही यामुळे वाढतो.

निरोध दर वेळी नीट वापरला तर बराच बचाव होतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि तांबी यांनी हा आजार अडत नाही, याची कित्येक शिकलेल्या मुलींनाही कल्पना नसते. योनीमार्ग आतून साबणाने किंवा सुगंधी द्रावणाने धुणंही बंद करा. त्याने तिथले उपयोगी जिवाणू मरतात.

ओळखीच्या डॉक्टरकडे जायला संकोच वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातलं किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातलं 'सुरक्षा क्लिनिक' आहे. तिथे सल्ला आणि औषधं मोफत मिळतात. 1097 या मोफत क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. आणि उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी बायकांनी पुन्हा एकदा तपासून घ्यावं, त्रास नसला तरी.