सकाळी आंबट, दुपारी बेचव

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं चघळून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. ही नोंद १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापली. (तुम्ही मात्र चघळू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.) ‘हेन्स अँड चिक्स’ म्हणजे सेम्परव्हायवम बारामती तालुक्यातल्या सांगवीत का रुसतं, याचं बरंचसं उत्तर या आंबटपणात आहे.

हे झाड पानफुटीच्याच कुळातलं, पण युरोपातल्या डोंगरकड्यांवर वाढलेलं. मधोमध पानांचा मोठा गुच्छ आणि भोवती त्याचीच पिल्लं. एका जातीवर कोळिष्टकासारखे पांढरे धागे, ‘ऑडिटी’ नावाच्या वाणाची पानं नळीसारखी गुंडाळलेली, काही जाती थंडीत जांभळ्या-लाल होतात. हौशी माणूस भुलणारच.

सांगवीच्या शिवारातला ऊस दिवसा पानांवरची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो. त्यात पाणी भरपूर उडतं, पण नीरेचं पाणी पाठीशी असल्यावर त्याला कसली फिकीर! मांसल पानांची बरीच झाडं रात्रपाळी करतात. छिद्रं अंधारात उघडायची, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा छिद्रं मिटून त्या साठ्यातून साखर बनवायची. म्हणून पानं पहाटे आंबट. सांगवीपासून जवळच, माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खडकाळ जमिनीवर ज्या ड्रॅगन फ्रूटचे प्रयोग केले, त्याचीही रीत हीच.

पण रात्रपाळीला गार रात्र मानवते. उकाड्यात श्वसनाचा खर्च वाढतो आणि आम्लाचा साठा तुटपुंजा राहतो. मे महिन्यातली ४० अंशांची दुपार सगळ्यांना जाणवते. माझ्या मते डोंगरातल्या या पाहुण्याचा घात त्याहून जास्त उबदार रात्री करतात, आणि उरलीसुरली कसर पावसाळ्यातली ओली मुळं भरून काढतात.

तेव्हा गच्चीवर हौस भागवायची तर मेक्सिकोकडची एचेव्हेरिया किंवा ग्रॅप्टोपेटॅलम लावावीत. इंग्रजीत एचेव्हेरियालाही ‘हेन्स अँड चिक्स’ म्हणतात, त्यामुळे विकत घेताना शास्त्रीय नाव विचारलेलं बरं. काळी माती पाणी धरून ठेवते. त्याऐवजी मुरूम, जाडी वाळू आणि विटांचे तुकडे घ्यावेत. उन्हाळ्यात दुपारी शेडनेट, पावसाळ्यात वर आडोसा.

नवी रोपं पिल्लांपासूनच करावीत. बियांतून येणारी रोपं आईसारखी निघतीलच असं नाही; पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब जनुकीय प्रत. सेम्परव्हायवमच्या बाबतीत तर हा जातीचा विमाच, कारण ज्या गुच्छाला फुलं येतात तो नंतर वाळतो. हट्टाने तेच लावायचं असेल, तर कुंडीत कोरडा मुरूम भरून नोव्हेंबरात सुरुवात करावी.