मिनोस एक की दोन?

लिटरेचर रिव्ह्यू करताना एक वेळ हमखास येते. दोन जुने, वजनदार संदर्भ समोर असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. अशा वेळी लोक काय करतात, हे पाहायला क्रीट बेटावरच्या मिनोस राजाचं घराणं फार उपयोगी आहे. (माझा विषय विज्ञानाचा आहे, ग्रीक पुराणं हा नुसता नाद.)

आधी घराणं. झ्यूस देव बैलाचं रूप घेऊन फिनिशियाची राजकन्या युरोपा हिला क्रीटला पळवून आणतो. त्यांचा मुलगा मिनोस. त्याची राणी पासिफाए, सूर्याची मुलगी. समुद्रदेव पोसायडनने बळीसाठी पाठवलेला देखणा बैल मिनोसने स्वतःकडेच ठेवून घेतला. मग देवाने राणीलाच त्या बैलाच्या प्रेमात पाडलं आणि बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर जन्माला आला. पुढे अथेन्सहून येणारी सात मुलगे आणि सात मुलींची खंडणी, दोऱ्याच्या मदतीने चक्रव्यूहातून सुटलेला थीसियस, हे तुम्ही ऐकलं असेल. तो दोरा देणारी अरिॲडनी मिनोसची मुलगी. नंतर थीसियसची बायको झालेली फीड्रा, तीही मिनोसचीच.

आता पिढ्या मोजा. खरंच कागद घ्या.

प्रचलित वंशावळीत युरोपा ही कॅडमसची बहीण, आणि कॅडमस म्हणजे थीब्ज नगराचा संस्थापक. त्याच्या घराण्याचा क्रम असा: कॅडमस, पॉलिडोरस, लॅबडेकस, लायस, इडिपस, पॉलिनायसीझ, थर्सँडर. हा थर्सँडर ट्रॉयच्या मोहिमेवर निघतो. म्हणजे कॅडमसनंतरची सहावी पिढी. इकडे इलियडमध्ये क्रीटचा इडोमेनिअस रणांगणात आपली वंशावळ सांगतो: मिनोसचा मुलगा ड्यूकॅलिअन, त्याचा मुलगा मी. युरोपापासून मोजली तर ही तिसरीच पिढी. एकाच युद्धाचे दोन योद्धे, आणि फरक तीन पिढ्यांचा!

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला इतिहासकार डायोडोरस याच्याकडे मात्र मिनोस दोन आहेत. पहिला झ्यूस-युरोपाचा मुलगा. त्याचा मुलगा लायकास्टस, आणि त्याचा मुलगा दुसरा मिनोस. पासिफाए, मिनोटॉर, आरमार, सगळं या नातवाच्या खात्यात. हेतू काहीही असो, परिणाम बघा. दोन पिढ्या वाढल्या, इडोमेनिअस पाचव्या पिढीत आला आणि तीनाचा फरक एकावर आला. शिवाय स्वभावाचा प्रश्नही मिटल्यासारखा वाटतो. एकीकडे पाताळात मृतांचा न्याय करणारा मिनोस, दुसरीकडे कोवळी मुलं राक्षसापुढे टाकणारा मिनोस. दोन माणसं मानली की भांडण संपलं.

मला हा उपाय पटत नाही. दुसऱ्या मिनोसचा स्वतंत्र पुरावा कुठे आहे? आकडा बसत नाही म्हणून समीकरणात एक पद जास्तीचं घातलं, तर फिट सुधारणारच. प्लुटार्कने नॅक्सॉस बेटावरच्या काहींचं मत नोंदवलंय, त्यांच्या मते मिनोस दोन आणि अरिॲडनीसुद्धा दोन. एकदा दुप्पट करायला लागलं की थांबायचं कुठे?

पण त्याच प्लुटार्कने राजाच्या बदनामीचं एक साधं कारणही सुचवलंय: अथेन्सशी वैर घेतलं आणि नाटकं अथेन्सची होती, म्हणून रंगमंचावर मिनोसला शिव्या खाव्या लागल्या. म्हणजे माणूस एकच, नोंद करणाऱ्यांची बाजू वेगळी. पिढ्यांचा हिशेब यानेही सुटत नाही, पण निदान नवा राजा जन्माला घालावा लागत नाही.

याच्या उलटं टोक म्हणजे आर्थर इव्हान्स. 1900 साली त्याने क्रीटमधल्या नॉसॉसला उत्खनन सुरू केलं आणि सापडलेल्या संस्कृतीसाठी ‘मिनोअन’ हे नाव रूढ केलं. राजा सापडला नव्हता, नाव मात्र त्याचं लागलं. मग दगडी आसन असलेली खोली ‘सिंहासनाची खोली’ झाली आणि त्याच्या ग्रंथाचं नाव ‘मिनोसचा राजवाडा’. 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिसने तिथल्या मातीच्या पाट्यांवरची लिनिअर बी लिपी उलगडली. भाषा ग्रीक निघाली. मजकूर मेंढ्या, लोकर, तेल, धान्य यांचे हिशेब. मिनोस राजाचं नाव काही त्यांत खात्रीने वाचता आलेलं नाही. एका पाटीवर मात्र एका देवीला मधाचा एक रांजण दिल्याची नोंद आहे, आणि तिच्या नावातला शब्द बहुतेकांच्या मते ‘लॅबिरिंथ’, म्हणजे चक्रव्यूह.