एक नळी, एक बादली

घरात मासे पाळणाऱ्या कुटुंबांत मासे मरण्याचा एक ठराविक वार असतो. तो वार सोमवार. कारण रविवारी सकाळी चहा-पोहे आटोपले की घरातल्या कोणाला तरी काचपेटीची आठवण होते आणि बाह्या सरसावून सगळे घर कामाला लागते. जाळीने मासे पकडून पातेल्यात सोडले जातात. गढूळ पाणी तांब्या-तांब्याने उपसून मोरीत ओतले जाते. वाळू चाळणीत घालून पार पांढरी होईपर्यंत धुतात, काचा घासतात, आणि एखादा उत्साही हात साबणाची वडीही फिरवून जातो. मग नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरायचे आणि मासे परत सोडायचे. संध्याकाळी आलेले पाहुणे म्हणतात, "वा! काय लख्ख ठेवलीय हो पेटी!" सोमवारी शाळेला निघण्यापूर्वी घरातली धाकटी पेटीपाशी जाते, तो दोन मासे पोट वर करून तरंगत असतात.

मग चौकशी सुरू होते. दुकानदाराने आजारीच मासे गळ्यात बांधले, खाणे जास्त झाले, पाहुण्यांची दृष्ट लागली! रविवारच्या स्वच्छतेचा संशय मात्र कोणाला येत नाही. येणार कसा? स्वच्छतेने कोणी मरते, हे आपल्या बुद्धीला पटतच नाही.

नितळ म्हणजे स्वच्छ नव्हे

आपण पाणी डोळ्यांनी पारखतो. गढूळ दिसले की घाण, नितळ दिसले की चांगले. माशाचा हिशेब वेगळा आहे. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला तो विष आहे. असे असूनही जुन्या, मुरलेल्या पेटीत मासे वर्षानुवर्षे जगतात, ते तेथे बिनपगारी काम करणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, पण दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात माशांना सोसते. सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जंतू मातीतून वेगळे काढून दाखवले होते. आपल्या बैठकीच्या खोलीतल्या दोन फुटी पेटीतही तोच कारखाना चालू असतो.

हे जंतू पाण्यात तरंगत हिंडत नाहीत. ते वाळूच्या कणांवर, गाळणीच्या स्पंजावर आणि काचेवरच्या बुळबुळीत थरात घर करून राहतात. नव्या पेटीत त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण रविवारी ती वाळू क्लोरीनच्या पाण्याने खळखळून धुतो! म्हणजे सहा आठवड्यांची पुण्याई तासाभरात मोरीत जाते. वर नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या नाजूक कल्ल्यांना लागते ते निराळेच. पेटी लखलखते, पण आतल्या जिवांसाठी ती पहिल्या दिवसासारखी ओसाड झालेली असते.

मग पाणी बदलूच नये काय? तसेही म्हणणारे लोक होऊन गेले. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली असे दाखवले, की दोन लहान गोल्डफिश, पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही त्यांचा संसार चालतो. प्रयोग खरा होता. पण त्यावरून पुढे कित्येक शौकीन लोक जुन्या पाण्याला गंगोदकासारखे जपू लागले, आणि वॉरिंग्टनचे मासे दोनच होते हे विसरून गेले. आपल्याकडे तेवढ्याच पाण्यात दहा-बारा मासे असतात, आणि प्रत्येक येणारा-जाणारा त्यांना चिमूटभर खाणे टाकतो. तेव्हा नायट्रेट साचत जाते. पाणी उडून गेले की आपण वरून भर घालतो, पण क्षार उडत नाहीत. तेही साचत जातात.

सगळे पाणी काढणे घातक आणि मुळीच न काढणे तेही घातक. मधला मार्ग सोपा आहे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढावे आणि तेवढेच नवे घालावे. मासे हलवायचे नाहीत, वाळू बाहेर काढायची नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर धरून चाला ५० लिटर. त्याचा पाव हिस्सा म्हणजे साडेबारा लिटर, अर्थात घरातली एक बादली. एवढ्यासाठी घरभर पातेली मांडण्याचे कारण नाही. हवी ती फक्त एक नळी.

वासुदेवाचा प्याला आणि वाळत घातलेले लुगडे

ज्यांच्या आजीच्या फडताळात पितळेचा वासुदेव प्याला होता, त्यांनी ही नळी लहानपणीच पाहिलेली आहे. फक्त ओळखलेली नाही. प्याल्याच्या मधोमध वासुदेव, त्याच्या डोक्यावर टोपलीत बाळकृष्ण. पाणी ओतत जावे, ते वासुदेवाच्या छातीपर्यंत येते, गळ्यापर्यंत येते, आणि कृष्णाच्या पायाला लागले रे लागले की प्याल्याच्या बुडातून सगळे वाहून जाते. यमुना ओसरली! मुले तोंडे उघडी टाकून बघत. मूर्तीच्या आत एक वाकवलेली नळी दडवलेली असते. पाणी तिच्या बाकापर्यंत चढून पलीकडे उतरू लागले, की बाकीचे सगळे पाणी त्याच्या मागोमाग ओढले जाते. हीच वक्रनलिका, म्हणजेच सायफन. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात तिचे वर्णन करून ठेवले आहे.

पाणी आधी चढते आणि मग उतरते, हे कोडे कसे उलगडायचे? दोरीवर वाळत घातलेले नऊवारी लुगडे आठवा. एका बाजूला ते जास्त लोंबू लागले, की त्या बाजूच्या भाराने आखडलेली बाजूही वर चढते आणि सगळे लुगडे घसरून खाली येते. नळीतल्या पाण्याचे तसेच आहे. बादलीकडची बाजू पेटीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली लोंबते, म्हणून पाणी तिकडे ओढले जाते. वातावरणाचा दाब पाण्याचा हा धागा तुटू देत नाही, म्हणून नेहमीच्या सायफनला दहा-एक मीटरपेक्षा उंच चढवता येत नाही. पण ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षणाचे. यावर मोठमोठ्यांचे घोटाळे झाले आहेत. इंग्रजीच्या प्रख्यात ऑक्सफर्ड शब्दकोशात हे सारे श्रेय वातावरणाच्या दाबाला दिलेले होते. ऑस्ट्रेलियातील स्टीफन ह्यूज या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने २०१० साली ते दाखवून दिले, तेव्हा ही चूक छापील पानात जवळजवळ शतकभर बसून होती असे निघाले.

यातून घरच्या कामाला उपयोगी अशी एकच गोष्ट ध्यानात धरावी. बादली जितकी खाली, तितका वेग जास्त. पेटी तिवईवर आणि बादली जमिनीवर असली, तर अर्ध्या इंची नळीने बादली एक-दोन मिनिटांत भरते. वेग फार वाटला, तर बादली पाटावर ठेवा. पाणी आपोआप शांत होते.

तोंडाने ओढू नका

नळी प्लॅस्टिकची, पारदर्शक घ्यावी; आतून काय जाते ते दिसते. लांबी सहा फूट पुरे. पेटीतल्या टोकाला एक लहान प्लॅस्टिकची बाटली बूड कापून, तोंडाकडून घट्ट बसवावी. हा खटाटोप कशासाठी? बाटली दोन इंच रुंद आणि नळी अर्धा इंच, म्हणजे बाटलीत पाण्याचा वेग नळीतल्या वेगाच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच राहतो. बाटलीचे तोंड वाळूत खुपसले, की वाळू थोडी उसळते आणि जड असल्यामुळे पुन्हा खाली बसते. हलकी विष्ठा आणि कुजके खाणे मात्र वर चढून निघून जाते. वाळू जागच्या जागी, तिच्यावरचे जंतूही जागच्या जागी. दर आठवड्याला अर्ध्याच तळावर बाटली फिरवावी, उरलेला अर्धा पुढच्या खेपेला. गप्पीची पिले असतील, तर बाटलीला मच्छरदाणीचे कापड बांधायला विसरू नये.

नळी सुरू करण्याची आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय रीत म्हणजे दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढणे. रॉकेलवाले आणि ट्रकवाले हेच करतात म्हणून आपणही करतो. चुळीची तयारी ठेवली तरी ते करू नये. माशांच्या पाण्यात माणसाला जुलाबाने आडवे करणारे जंतू असू शकतात. हाताला कापलेले किंवा खरचटलेले असेल, तर त्या दिवशी पेटीत हातही घालू नये, कारण बरे व्हायला महिनोन् महिने घेणारी एक त्वचेची गाठ त्या वाटेने येते. यापेक्षा सगळी नळी वेटोळे करून पेटीत बुडवावी, बुडबुडे निघून जाऊ द्यावे, एक टोक अंगठ्याने दाबून बाहेर बादलीत न्यावे आणि अंगठा काढावा. पाणी धावू लागते. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमते, आणि एकदा जमले की ते काम त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

आता वक्रनलिकेचा एक दुर्गुण. तिला थांबणे माहीत नाही. तिला सुरू करून तुम्ही दाराची घंटा वाजली म्हणून गेलात आणि शेजारणीशी दोन शब्द बोललात, तर बादली भरून वाहील, फरशीवर तळे होईल, आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल दिसेपर्यंत ती थांबायची नाही. उपाय वासुदेव प्याल्यातच आहे. हवा शिरली की नळी बंद पडते. म्हणून तळ साफ करून झाला, की आतले टोक वर उचलून, पाणी जेथपर्यंत उतरवायचे त्याच पातळीवर कपड्याच्या चिमट्याने काचेला अडकवून ठेवावे. पाणी तेथवर उतरले की नळी हवा ओढते, गुरगुरते आणि गप्प होते. बादली मात्र तेवढे पाणी मावणारी हवी, आणि ती फक्त माशांसाठीच राखून ठेवलेली. कपड्यांच्या साबणाची बादली येथे चालणार नाही.

अशीच फजिती हवेच्या पंपाने होते. बहुतेक घरांत पंप पेटीखालच्या कपाटात ठेवतात. रात्री वीज गेली, की हवेची बारीक नळी स्वतःच वक्रनलिका बनते आणि पेटीतले पाणी पंपात उतरू लागते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, नाही तर नळीत एकमार्गी झडप बसवावी. ती दुकानात अगदी स्वस्तात मिळते.

नवे पाणी घालताना

नवे पाणी आदल्या दिवशीच दुसऱ्या उघड्या बादलीत भरून ठेवावे. चोवीस तासांत साधे क्लोरीन उडून जाते, आणि पाणी खोलीइतके कोमट किंवा गार होते, हा दुसरा फायदा. पुण्या-नाशिकच्या थंडीत नळाचे पाणी तसेच ओतले, तर माशांना हुडहुडीच भरेल. घाई असेल, तर छायाचित्रकार वापरीत तो हायपो, म्हणजेच सोडियम थायोसल्फेट, थेंबांच्या बाटलीत माशांच्या दुकानात मिळतो. बाटलीवर लिहिले असेल त्याच प्रमाणात घालावा.

ओतण्यासाठी पुन्हा तीच नळी, पण उलट्या दिशेने. बादली पेटीपेक्षा उंच स्टुलावर ठेवून नळीला एक सैल गाठ मारली, की पाणी बारीक धारेने येते आणि वाळू उकरली जात नाही. स्टूल भक्कम असावे हे सांगायला नको. बारा लिटर पाणी काचेवर कोसळले तर पुढचे वर्णन करवत नाही.

काही घरांत बादलीचा कंटाळा म्हणून नळाला लांब नळी जोडून तिचे टोक थेट पेटीत बुडवून ठेवतात. हे मात्र कधीही करू नये. आपल्या शहरांत पाणी बहुतेक ठिकाणी ठराविक तासांनाच येते. नेमका त्या वेळी नळातला दाब गेला, तर पाणी उलटे फिरते आणि माशांचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या नळात ओढले जाते. मग ते आपल्याच घरात राहील असे नाही, शेजारच्या माठातही जाईल. नळीचे टोक पाण्याला टेकू न देता चार बोटे वर ठेवले, तर हा धोका राहत नाही.

राहता राहिली काढलेल्या पाण्याची बादली. ती मोरीत ओतू नये. जे नायट्रेट माशांना नको असते, तेच झाडांचे खत आहे. गच्चीतला गुलाब, खिडकीतली तुळस आणि जिन्यातला मनीप्लांट यांना ते वाटून द्यावे. काही आठवड्यांत पानांवर फरक दिसू लागतो. मात्र आजारी माशांसाठी पेटीत मीठ किंवा औषध घातले असेल, तर त्या आठवड्याची बादली कुंड्यांना न घालता मोरीतच ओतावी.