घरची वही आणि घरची मुले

महसूल खात्याच्या नोकरीत माझी सारी उमर दप्तरात गेली. त्या काळात वारसाच्या नोंदीकरिता कचेरीत आलेली पुष्कळ माणसे मी पाहिली. बाप जाऊन पंधरवडा लोटलेला असे. डोकीवरचे केसही पुरते उगवलेले नसत. मुलगा सातबाराचा उतारा हाती धरून उभा राही. प्रथम तो क्षेत्र पाही, मग आकार पाही, आणि शेवटी त्याची दृष्टी ‘इतर हक्क’ या रकान्यावर येऊन थबके. तेथे सोसायटीचा बोजा लिहिलेला असे. क्वचित बँकेचाही असे. ‘हे केव्हा काढले? कशाकरिता काढले?’ असे तो मला विचारी. ज्या वडिलांच्या पंक्तीस तो पंचवीस-तीस वर्षे जेवला, त्यांचे देणे त्याने पहिल्याने सरकारी कागदावर वाचावे आणि त्याचा खुलासा एका परक्या कारकुनापाशी मागावा, हे मला फार लाजिरवाणे वाटे. कर्ज काढणे हा काही गुन्हा नव्हे. शेतीचा धंदा पाऊस पडण्यापूर्वी पैसा मागतो व पीक निघाल्यावर तो परत देतो. तेव्हा कर्ज हे त्या धंद्याचे एक अवजारच आहे. दोष असतो तो घरातल्या अबोलपणाचा.

आपल्या मुलांस काम दिसते, परंतु हिशेब दिसत नाही. नांगरट, पेरणी, खुरपणी, काढणी ही सर्व ती डोळ्यांनी पाहतात व हातांनी करतातही. मात्र पैशाची गोष्ट निघाली की ‘तू अभ्यासाकडे लक्ष दे’ असे सांगून आपण त्यांस बाहेर घालवितो. यात माया असते, थोडी लाजही असते. परंतु त्याचा परिणाम काय होतो, हे मी स्वतःच्या घरी भोगले आहे.

माझा मुलगा शहरात शिकावयास होता. त्याने हप्त्यांवर मोटारसायकल घेतली. महिन्याचा हप्ता किती, एवढेच त्याने विचारले. सर्व हप्ते मिळून किती भरावे लागतील, हे विचारलेच नाही. चार हप्ते थकल्यावर वसुलीचा मनुष्य आमच्या दारी येऊन उभा राहिला, तेव्हा मला ही हकीकत कळली. सबंध तालुक्याचा जमाखर्च ज्याने जुळविला, त्याच्या मुलास शेकडेवारीचा अर्थ कळू नये! मी त्याजवर रागावलो, पण रात्री अंथरुणावर विचार करता दोष माझा अधिक आढळला. तो चौदा वर्षांचा असताना कांदा विकून आल्यावर ‘बाबा, उरले किती?’ असे त्याने मला एकदा विचारले होते. मी उत्तर दिले नव्हते.

न वाचलेल्या कागदाची किंमत आपल्या प्रांताने पूर्वी मोजलेली आहे. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. ज्यावर अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसे. त्या दंग्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आज आपली मुले लिहितात, वाचतात. तरीही दाखविलेल्या जागी मुकाट्याने सही करण्याची चाल गेलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून श्रम व विद्या यांची सांगड घातली. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार देशापुढे ठेवला. शेतकऱ्याच्या घरी उद्योग तर आयताच आहे. उणी आहे ती वही.

मुलाच्या बाबतीत चुकलो, ते पुतणीच्या बाबतीत तरी सुधारावे, असे मी ठरविले. ती इयत्ता सातवीत आहे. धाकट्या बंधूंनी तिला विहिरीजवळचे दोन गुंठे दिले व मी शंभर पानी वही दिली. तिने मेथी पेरली. सुमारे महिन्याने ३०० जुड्या निघाल्या व जुडीस ६ रुपये भाव मिळाला. तिच्या वहीतील पहिले पान येणेप्रमाणे होते :

जमा : मेथी ३०० जुड्या, दर ६ रुपये : १,८०० रुपये
खर्च : बियाणे १२०, शेणखत २००, जुड्या बांधण्याचे सामान ४०, टेम्पोचे भाडे १५०, हमाली वगैरे ६०; एकूण ५७० रुपये
शिल्लक : १,२३० रुपये

पोरीस मोठा आनंद झाला. मी म्हणालो, “बाई, वाफे कोणी ओढले? खुरपले कोणी? जुड्या कोणी बांधल्या?” मग आई, आजी व वडील यांच्या वेळाची बेरीज केली, ती तीन दिवसांची मजुरी भरली. रोज ३०० रुपये धरून ९०० वजा जाता शिल्लक ३३० राहिली. तरीही तिने उमेदीने दुसऱ्यांदा मेथी पेरली. त्या खेपेस बाजारात जुडीस अवघे २ रुपये मिळाले. जमा ६०० आणि खर्च तोच ५७०, तेव्हा हाती ३० रुपये आले. मजुरी धरता ८७० रुपयांची तूट. वही पुढे ठेवून ती म्हणाली, “मोठे काका, मग आईची मजुरी कोणी दिली?” तिचे वडील तेथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. आईनेच दिली, हे उत्तर आम्हा दोघांसही ठाऊक होते.

वाचकहो, हा प्रश्न मुलास पडला म्हणजे अर्थशास्त्राचा पहिला धडा झाला असे समजावे. आपली शेती अनेकदा ‘परवडते’ ती घरच्या माणसांची मजुरी खर्चात न धरल्यामुळे परवडते. केंद्र सरकारने १९६५ साली नेमलेला कृषी मूल्य आयोग आज कृषी उत्पादन खर्च व मूल्य आयोग या नावाने चालतो. त्याच्या हिशेबातदेखील घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरले जाते. सरकार जे मोजते ते आपण आपल्या वहीत का मोजू नये?

भाव का पडला, हा दुसरा धडा. त्याकरिता मुलास सुटीच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात न्यावे व लिलाव दाखवावा. पहिल्या खेपेस मेथीस चांगला भाव मिळाला, तो आम्हांसच मिळाला असे नाही. साऱ्या शिवारास मिळाला. म्हणून साऱ्यांनीच मेथी पेरली व महिन्याने ती एकाच आठवड्यात बाजारात आली. भाव वडिलांच्या घामावरून ठरत नाही. त्या दिवशी माल किती आला व घेणारे किती आहेत, यावरून तो ठरतो. कित्येकदा तो आवाराबाहेरही ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली व मे २०२४ मध्ये ती बंदी उठली; दिल्लीच्या एका हुकुमाने नाशिक जिल्ह्यातील चाळीतल्या कांद्याचे मोल कसे बदलते, हे मुलांनी त्या वेळी घरबसल्या पाहिले. अशा वेळी नुसते हळहळण्यापेक्षा त्यांस कारण समजावून सांगावे. लिलावानंतर मिळणारी हिशेबपट्टीही मुलाकडूनच वाचवून घ्यावी : वजन किती, दर किती, हमाली, तोलाई व भाड्यापोटी किती गेले, आणि हाती किती आले.

तिसरा धडा व्याजाचा. ‘दोन रुपयांनी पैसे मिळतात’ असे आपण सहज बोलतो. हे दोन रुपये शेकडा दरमहाचे असतात, म्हणजे वर्षास शेकडा २४, हे मुलास सांगावे. मग १०,००० रुपये मुद्दल घेऊन, न भरलेले व्याज दर महिन्यास मुद्दलात मिळवीत छत्तीस ओळी त्याजकडून लिहवून घ्याव्या. छत्तिसाव्या ओळीस सुमारे २०,४०० रुपये येतात, म्हणजे तीन वर्षांत दुप्पट! स्वतःच्या हाताने हे मांडणारा मुलगा पुढे ‘हप्ता किती’ एवढ्यावर थांबणार नाही.

चौथा धडा कागदाचा. सातबारा, आठ-अ, सोसायटीचे खातेपुस्तक व पीककर्जाचे कागद वर्षातून एकदा मुलांपुढे उलगडावे. मुलांमुलींपुढे, असे मी मुद्दाम म्हणतो. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली साऱ्या देशाने हिंदू वारसाच्या कायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क दिला. तरी काय सोडतो आहोत हे न समजता हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या लेकी मी कचेरीत पाहिल्या. हक्क ठेवावा की सोडावा, हे तिचे तिने ठरवावे. परंतु वाचून ठरवावे. जामीन राहणे म्हणजे काय, हेही याच वेळी सांगावे. कर्जदाराने न फेडल्यास ती फेड आपल्यावर येते, हे सहीपूर्वी कळलेले बरे.

येथे दोन इशारे देणे अवश्य आहे. काम शिकविण्याच्या निमित्ताने मुलाची शाळा बुडवू नये. चौदा वर्षांखालील मुलास मजुरीस लावण्याची बंदी आहे. शाळेची वेळ सोडून अथवा सुटीत घरच्या बिनधोक कामास हातभार लावण्यापुरती मोकळीक २०१६ च्या दुरुस्तीने ठेविली आहे. औषधाची फवारणी व मळणीयंत्र यांपासून मुलांस दूरच ठेवावे. दुसरे असे की, हिशेब दाखविणे म्हणजे काळजीचे ओझे मुलाच्या माथी देणे नव्हे. देणे किती हे सांगताना ते कसे फेडावयाचे, हेही त्याच बैठकीत सांगावे. उरलेला पैसा साठविण्याची सवयही लावावी. दहा वर्षांवरील मुलास टपाल कचेरीत स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते. माझ्या पुतणीने मेथीचे पैसे तेथेच ठेविले आहेत.

व्यापारी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीची पूजा करतो. आपण त्या दिवशी दागिना मांडतो, नाणी मांडतो; वही मांडावी तर ती घरात नसते. येत्या दिवाळीस प्रत्येक सभासदाने दहा-वीस रुपयांची एक वही आणावी, पाडव्याच्या दिवशी तिचे पहिले पान मुलाच्या अथवा मुलीच्या हाताने लिहवावे, आणि सोसायटीचे देणे किती आहे तो आकडा स्वतःच्या तोंडाने त्यांस सांगावा. तो सांगताना थोडे जड जाईल. परंतु तो आकडा मुलांनी आपल्या तोंडून ऐकावा; आपल्या माघारी कचेरीतील कारकुनाने तो त्यांस वाचून दाखविण्याची पाळी येऊ नये.