भारद्वाजासनाला खुर्ची मानवते
आसनं सर्वांसाठी : लेखांक 6

सत्यनारायणाच्या पूजेला किंवा कीर्तनाला गेलं की सतरंजीच्या मागे, भिंतीला लागून, खुर्च्यांची एक रांग हमखास असते. तिथे बसणारी मंडळी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतात, "गुडघे हो, काय करणार!" हाच ओशाळेपणा योगवर्गातही शिरतो. मांडी घालता येईना म्हणजे आपलं आसनांचं खातं बंद झालं, असं अनेकांनी ठरवूनच टाकलेलं असतं. शिक्षकही कधीकधी त्यांना मागच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसवून हात वर-खाली करायला सांगतात आणि बाकीच्या वर्गाकडे वळतात.

यात खुर्चीवर अन्याय होतो. आसनाचा आकार आणि आसनाचं काम या दोन गोष्टी आधी सुट्या करून पाहाव्या लागतात. पाठकणा वळणं, खुबा उघडणं, पाठ लांबवणं हे काम झालं. पाय कुठे दुमडले, जमिनीपासून किती उंचीवर बसलो, हा आकार. आकार बदलूनही काम होत असेल तर आसन झालं.

हे पुण्यात तरी नव्याने सांगायला नको. गुरू कृष्णमाचार्यांनी पाठवलं म्हणून बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले, तेव्हा ते विशीतही नव्हते. पुढे 1975 मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांच्या पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली. दोर, लोड, विटा, पट्टे यांच्याबरोबर तिथलं ठळक साधन म्हणजे घडीची लोखंडी खुर्ची. मंगल कार्यालयात असते तशीच, फक्त पाठीचा पत्रा काढून नुसती चौकट ठेवलेली, म्हणजे त्या पोकळीतून पाय पलीकडे घालता येतात. या खुर्च्या केवळ रुग्णांसाठी नसतात. मुरलेले साधकही त्यांच्यावर पाठ मागे झुकवून विपरीत दंडासन करतात. (घरी एकट्याने मात्र हे करू नये.)

खुर्ची सगळ्यात जास्त कुठे उपयोगी पडते, तर भारद्वाजासनात. जमिनीवर हे आसन करताना दोन्ही पाय एका बाजूला दुमडून धड विरुद्ध बाजूला वळवायचं असतं. ज्यांचे खुबे आखडलेले आहेत त्यांचा एक कुल्ला उचलला जातो, कंबर मागे कलंडते आणि पाठीला पोक येतो. अशा पोक आलेल्या पाठीला पीळ दिला की सगळा जोर कमरेवर येतो. कमरेचे पाच मणके पुढेमागे वाकण्यासाठी घडलेले आहेत. वळण्याच्या बाबतीत ते जेमतेम काही अंश साथ देतात. वळायचं असतं ते बरगड्यांना जोडलेल्या वरच्या 12 मणक्यांनी, आणि पोक काढलेल्या अवस्थेत नेमके तेच अडकून बसतात. तरुण, धडधाकट माणसांचंही जमिनीवर असंच होतं, फक्त त्यांना ते कळत नाही.

आता खुर्चीवर आडवे बसा, खुर्चीची पाठ तुमच्या उजव्या हाताला येईल असे. बैठकीची दोन्ही हाडं सारखी टेकली पाहिजेत. पावलं गुडघ्यांच्या बरोबर खाली, आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये एखादं जाड पुस्तक. दोन्ही हातांनी खुर्चीच्या पाठीच्या दोन कडा धरा. श्वास घेताना डोक्याचा माथा वर न्या, सोडताना उजवीकडे वळा. डावा हात ओढेल, उजवा ढकलेल. डावा गुडघा पुढे सरकू लागला, पुस्तक तिरकं झालं, की समजा पाठीऐवजी कंबरच वळते आहे. तो गुडघा मागे आणा आणि वळण थोडं कमी करा. मान सगळ्यात शेवटी वळवायची. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर ती छातीच्या सरळ रेषेतच राहू द्यायची. चार-पाच श्वास झाले की परत या आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने बसून डावीकडे वळा. दोन्ही बाजू सारख्या वळणार नाहीत. कुणाच्याच वळत नाहीत.

खुर्चीबद्दल मात्र मी हटवादी आहे. चाकं नकोत, हात नकोत, आणि प्लास्टिकची ओतीव खुर्चीही नको. तिच्यावर घसरायला होतं आणि एका बाजूला भार पडला की पाय फाकतात. लोखंडी किंवा लाकडी खुर्ची घ्या आणि फरशीवर सरकू नये म्हणून तिचे पाय रबरी चटईवर ठेवा. खुर्च्यांची बैठक साधारण 17-18 इंच उंच असते. पाच फुटांच्या आतल्या बाईची पावलं अशा खुर्चीवर लोंबकळतात किंवा नुसते चवडेच टेकतात. पावलांना आधार नसेल तर पाठ ताठ राहतच नाही, मग कितीही सूचना द्या. घरातला जेवणाचा पाट पायाखाली घेतला की प्रश्न मिटतो. उंच माणसांनी उलट बैठकीवर घडी केलेली सतरंजी घ्यावी, म्हणजे गुडघे खुब्यांपेक्षा वर जाणार नाहीत.

पुढे वाकण्याची आसनं खुर्चीत सोपी वाटतात, म्हणूनच ती जपून करायची. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून खाली लोंबकळणं टाळावं. मणका दबून मोडू शकतो. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली नेऊ नये, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढतो. दोघांनाही चालेल असा मार्ग आहे. समोर टेबल ठेवून त्यावर हात टेकायचे आणि पाठ सपाट ठेवून खुब्यातून पुढे जायचं. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी किती वाकायचं आणि पायावर पाय टाकायचा की नाही, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं.

खुर्चीतले सूर्यनमस्कार हल्ली जोरात आहेत. व्यायाम म्हणून माझी ना नाही. पण सूर्यनमस्कारात तळहातांवर शरीराचा भार पडतो, मनगटं आणि खांदे कामाला लागतात. खुर्चीत बारा आकड्यांची कवायत उरते आणि हे काम निसटतं. उभं राहता येत असेल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर तळहात टेका, चार पावलं मागे जा आणि ढुंगण मागे ढकलून पाठ लांबवा. अधोमुख श्वानासनाचं बरंचसं काम तिथे होतं, आणि कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतात.

व्हीलचेअरवर असणाऱ्यांसाठी वरच्यातलं बरंच काही जसंच्या तसं लागू आहे. आधी ब्रेक लावायचे, आणि पुढे झुकायचं असेल तर पट्टा किंवा सोबतीला माणूस हवा. मज्जारज्जूला इजा झालेल्यांनी जखमा टाळणारी गादी आसनांसाठी म्हणून काढू नये. जिथे संवेदना नाही तिथे ताण कितपत आला हे शरीर सांगत नाही, म्हणून तिथे डोळ्यांनी पाहून थांबायचं. पावलं दाबता येत नसतील तर मांड्यांवर तळहात दाबून छाती उचलता येते. पाठीला तेवढाही आधार पुरतो.

शेवटचं आसन बहुतेक जण रोज उरकतात आणि मोजत नाहीत: खुर्चीतून उठणं. पावलं थोडी मागे घ्या, छाती पुढे न्या, मांड्यांवर हात न टेकता सावकाश उठा आणि तितक्याच सावकाश बसा. मध्येच, बैठकीपासून चार बोटं वर थांबलात तर ते उत्कटासन झालं. सुरुवातीला पाच वेळा पुरे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी वाकून झाल्यावर मिनिटभर ताठ बसावं आणि मगच उठावं.

पुढच्या आठवड्यात : पाठीला आधार घेऊन शवासन, आणि बसल्या बसल्या झोप लागली तर काय.