वही मिटल्यावर

खिशात दहा रुपयांची नोट असेल तर ती तशीच राहू द्या. तिच्या मागच्या बाजूला एक पट्टी आहे. तिच्यात नोटेची किंमत किती भाषांत लिहिली आहे? आणि मराठी कितवी? जन्मभर ही नोट हाताळूनही बहुतेकांना सांगता येत नाही. (भाषा पंधरा, मराठी आठवी, बरोबर मधोमध.) हजार वेळा पाहिलेली गोष्ट डोक्यात शिरलेलीच नसते, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी थक्क झालो. मग सेमिस्टरच्या शेवटी, पीएलमध्ये चौथ्यांदा वाचलेल्या नोट्सचं काय?

चौथ्या वाचनाला पान ओळखीचं झालेलं असतं. डोळे कुठे अडत नाहीत आणि मन म्हणतं, हे युनिट झालं, पुढचं घे. काय सोडायचं, कशाला वेळ द्यायचा, हे आपण बहुतेकदा या सरावलेपणावरून ठरवतो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पेपरात पान समोर नसतं.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग मला अजूनही जादूसारखा वाटतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चारही बैठकांत वाचला. काहींनी तो फक्त पहिल्या बैठकीत वाचला आणि पुढच्या तिन्हींत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. बरोबर की चूक, हेही त्यांना कोणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवडा गेला आणि पारडं फिरलं: वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरलं, लिहिणाऱ्यांजवळ ६१. आपल्याला चांगलं आठवेल अशी जास्त खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच होती!

म्हणजे आठवण बाहेर काढण्याच्या खटपटीतच ती पक्की होते. ही खटपट कशी असते ते थर्मोडायनॅमिक्समध्ये बघा. कार्नो सायकल वाचताना सगळं सोपं असतं. आता वही मिटा आणि दाबाचा नि आकारमानाचा आलेख काढा. पहिली रेषा आयसोथर्मल, वायू पसरतो. दुसरी अडियाबॅटिक, अजून पसरतो, पण आता थंड होत. तिसरी परतीची, आणि... पेन थांबतं. तापमान स्थिर की वाढतं? उष्णता आत येते की बाहेर जाते? कपाळाला आठ्या पडतात, ‘पाहू का’ असा मोह होतो. तो दोन मिनिटं आवरा. अभ्यास त्या दोन मिनिटांत चाललेला असतो. त्यानंतर वही उघडलीत की तिसऱ्या रेषेचं उत्तर (तापमान स्थिर, उष्णता बाहेर) सहसा निसटत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीत दिवेलागणीला परवचा व्हायचा. पावकी, निमकी, दिडकी, पुस्तक न उघडता, रोज. त्याला घोकंपट्टी म्हणून आपण नाकं मुरडली. पण त्यात पुस्तकाविना आठवणं होतं आणि मध्ये चोवीस तासांचा खंड होता, आणि हा खंडही कामाचा. जर्मनीतल्या हेरमान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून विसरणं मोजलं आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. तेच पाठांतर काही दिवसांवर विभागलं तर एका दिवसात उरकण्यापेक्षा कमी आवर्तनांत भागतं, हे त्यालाही दिसलं होतं. म्हणून दोन विषय हाताशी असतील तर एक संपवून दुसऱ्याला हात घालू नका. आज दोन्ही थोडे, परवा पुन्हा दोन्ही, आणि प्रत्येक वेळी आधी कोरा कागद.

राहिली पेपराची आदली रात्र. नाइट मारायची की झोपायचं? मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ साली उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे संकेत टिपले. उंदीर फिरत असताना ज्या पेशी जोडीने चेतल्या होत्या, त्याच पुढच्या झोपेत पुन्हा जोडीने चेतत होत्या. उंदीर निपचित पडलेला, आणि दिवसभराची वाट आतून पुन्हा उजळलेली. माणसाची झोपही शिकलेलं टिकवायला मदत करते. तेव्हा एक वाजला असेल, शेवटचं युनिट अर्धं राहिलं असेल, तरी दिवा मालवा. उरलेली उजळणी तुम्ही झोपल्यावर सुरू होणार आहे.